५५ इंची टीव्हीवर ३२ इंचीचं स्टार लेबल, दिवाळीत टीव्ही घेणाऱ्यांनी वाचाच

नाशिकला आईबाबांसाठी दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला. बाबांची अट एकच, लाइट कमी खाणारा पाहिजे, कारण त्यांचं बिल कसंबसं १०० युनिटच्या आत बसतं आणि महावितरणचा १०० च्या वरचा स्लॅब लागला की दर जवळपास डबल. दुकानदाराने लगेच फाइव्ह स्टारवाला दाखवला, कंपनी नवीन, पण लेबलवर वर्षाला फक्त ६० युनिट. लेबलचा खालचा भाग दिवाळी ऑफरच्या गोल स्टिकरखाली गेलेला. वर हेही ऐकवलं की मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ झाला म्हणून एवढा स्वस्त पडतोय, आणि हातात दिलं कच्चं बिल, ज्यावर जीएसटी नंबरच नाही! पक्कं मागितलं तर म्हणे उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

पुढच्या बिलात युनिट १०० च्या वर गेले. मग बाबांनी, रिटायर्ड वायरमन माणूस, घरातलं सगळं बंद करून फक्त टीव्ही चालू ठेवला आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहिले. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तिथेच छापलेला असतो). मिनिटाला ७ ब्लिंक आले म्हणजे तासाला ४२०, म्हणजे साधारण १३० वॅट. रोज सहा तास धरले तर वर्षाला २८० च्या पुढे युनिट. ६० युनिटवाला टीव्ही सहा तासांच्या हिशोबाने २७-२८ वॅटच खाणार, तेवढ्यात ५५ इंची कुठून चालणार ओ?

मग ते ऑफरचं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोललं. खाली साइज ३२ इंच, आणि मॉडेल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या प्लेटशी जुळतच नाही. दुसऱ्याच टीव्हीचं लेबल काढून चिकटवलेलं, एक कोपरा फाटलेला पण होता. पाठीवरचा आर ने सुरू होणारा बीआयएस (मालाला मानक प्रमाणपत्र देणारी सरकारी संस्था) नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर तो निघाला मोबाइल चार्जरचा. हसावं की रडावं कळेना.

दुकानदाराचं उत्तर काय, तर "ब्राइटनेस कमी करा ना साहेब." केला, ब्लिंक पाचवर आले, म्हणजे तरी ९० च्या वर वॅट.

तर घेताना लेबल अख्खं बघा, साइज आणि मॉडेल नंबर प्लेटशी जुळवा, तोच मॉडेल बीईईच्या (हे स्टार देणारी सरकारी संस्था) स्टार लेबल अ‍ॅपमध्ये दुकानातच उभं राहून शोधा. आणि नुसते स्टार मोजू नका, स्टार त्या त्या साइजच्या हिशोबाने देतात, त्यामुळे ५५ चा फाइव्ह स्टार ३२ च्या थ्री स्टारपेक्षा जास्त खाऊ शकतो. युनिटचा आकडा वाचा. पक्कं बिल मिळाल्याशिवाय जीपे करू नका.

आम्ही १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, सोललेल्या लेबलचे आणि प्लेटचे फोटो, यूपीआयची पावती सगळं जोडून. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला, एक्स्चेंज करून देतो म्हणतोय, पण त्याच कंपनीचा दुसरा पीस. बाबांनी स्पष्ट सांगितलं, पैसे परत दे नाहीतर ग्राहक आयोगात भेटू.