ब्योर्कची एकच रेकॉर्ड घ्यायची तर: ‘फॉसोरा’ की ‘व्हेस्परटाइन’?

भाच्याने पहिल्या पगारातून रेकॉर्डप्लेअर घेतला आणि लगेच फोन. “मामा, ब्योर्कचं एकच काहीतरी सांग. २००१चा ‘व्हेस्परटाइन’ की २०२२चा ‘फॉसोरा’?” ब्योर्क ही आइसलंडची गायिका, आणि हे तिचे दोन अल्बम. त्याचे मित्र त्याला जुन्याकडे ढकलत होते. जुना गोड आहे, नवा डोक्यात जातो म्हणे. मी उलटं सांगितलं.

‘व्हेस्परटाइन’ गोड आहेच, त्यात वाद नाही. सेलेस्टा (घंटीसारखा किणकिणणारा छोटा पियानो), हार्प, चावीच्या संगीतपेट्या, मागे दबक्या आवाजातला कोरस. ताल म्हणून पत्ते पिसल्याचे, बर्फ तडकल्याचे आवाज बारीक कापून विणलेत. ‘ऑरोरा’ सुरू होतं तेव्हा कुणीतरी बर्फावरून चालत असतं, कर्र कर्र. आणि गंमत अशी, की डाउनलोड करून ऐकलं तरी बिघडणार नाहीत अशीच वाद्यं तिने मुद्दाम निवडली होती. म्हणजे हा अल्बम मुळात लॅपटॉप-हेडफोनचा. त्यासाठी रेकॉर्डवर पैसे कशाला घालायचे? त्यात भाचा राहतो नाशिकच्या द्वारका सर्कलजवळ. तिथे ट्रकच्या हॉर्नपुढे संगीतपेटी कसली टिकतेय! मी स्वतः तो रात्री साडेअकरानंतर ऐकतो, पंखासुद्धा एकवर ठेवून.

‘फॉसोरा’चं तसं नाही. तो अंगावर येतो. एकीकडे सहा बास क्लॅरिनेट, दुसरीकडे गॅबर, म्हणजे नव्वदच्या दशकात रॉटरडॅममध्ये फोफावलेलं धडधडतं टेक्नो. इथे ते आलंय इंडोनेशियाच्या गॅबर मोडस ऑपरंडी या जोडीकडून. पहिल्याच ‘ॲटोपॉस’मध्ये क्लॅरिनेट म्हशीसारखे फुरफुरतात, आणि शेवटी ठोका असा सुटतो की आवरत नाही. परदेशी समीक्षक याला अवघड म्हणोत. गणपतीच्या आधी महिनाभर ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकत वाढलेल्या नाशिककराला यात अवघड काय? टिपरू ढोलाच्या पानावर पडलं की ते आधी छातीत ऐकू येतं, मग कानात. भाचा तर तीन वर्षं पथकात ढोल वाजवत होता.

तिच्या लेखी हा मश्रूमचा अल्बम, आणि नावाचा अर्थ खणणारी. (पिंपळगावच्या आमच्या काकांना बुरशीवर गाणी आहेत म्हटलं तर ते द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या फवारणीवरच येतील.) पण सगळी धडधडच आहे असं नाही. तिची आई २०१८ मध्ये गेली. ‘सॉरोफुल सॉइल’ आणि सात मिनिटांवर चालणारं ‘ॲन्सेस्ट्रेस’ ही दोन गाणी तिच्यासाठी आहेत. दुसऱ्यात ब्योर्कबरोबर तिचा मुलगा गातो, अल्बमच्या शेवटच्या गाण्यात मुलगी. ‘ॲन्सेस्ट्रेस’मध्ये घंटा वाजते, व्हायोलिनं वर चढतात, आणि ती आईच्या आजारपणाचं सांगत जाते, गळा न काढता. मला तरी ‘व्हेस्परटाइन’मध्ये इतकं उघडं काही सापडत नाही. तिथलं प्रेम सुंदर आहे, पण दार लावून घेतलेलं.

खोट सांगायची तर ‘फॉसोरा’चे मधले दोनेक मिनिटांचे तुकडे अर्धवट सोडल्यासारखे वाटतात. जुन्यात एक टाकाही उसवलेला नाही. तुमचं घर शांत असेल, दुसऱ्या कुणाबरोबर हळू आवाजात ऐकायचं असेल आणि मोठे स्पीकर नसतील, तर बिनधास्त जुना घ्या. छोट्या स्पीकरवर ‘फॉसोरा’ म्हणजे डबा बडवल्यासारखा, तो घेऊच नका.

बाकी दोन्ही दोन-दोन रेकॉर्डचे संच, दोन्ही साधारण पंचावन्न मिनिटांचे. दर चौदा मिनिटांनी उठून बाजू बदलायची. ‘फॉसोरा’त उठायला काही वाटत नाही, आपण तसेही बसलेले नसतो. ‘व्हेस्परटाइन’ची मात्र लागलेली तंद्री मोडते.

भाच्याने ‘फॉसोरा’ मागवली. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मे महिना होता. “काय रे,” म्हणाल्या, “यंदा सराव एवढ्या लवकर?”