मागाच्या कारखान्यावरचा डेस्कटॉप: धूळ रोखण्याचा दहा महिन्यांचा अनुभव

आमचं घर इचलकरंजीत, आणि घराखालीच मागाचा कारखाना. धोट्याचे साधे 24 माग, दोन पाळ्या. जिना चढून आलं की डाव्या हाताला लहानशी खोली आहे, तिथं हिशेबाचा डेस्कटॉप. सुताची आवक, कापडाची बिलं, ई-वे बिल, जीएसटी, कामगारांचा आठवड्याचा पगार, सगळं त्याच्यावर. खोलीचं दार कितीही लावा, कापसाचे तंतू आत येतातच.

मागच्या वर्षी 20 मे ला संध्याकाळी, जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, संगणक एकदम बंद पडला. परत चालू केला, दहा मिनिटांत परत बंद. झाकण काढून बघितलं तर प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण त्याच्याखालचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा, दिसतच नव्हता. पंखा आणि त्या पट्ट्या यांच्या मधोमध करड्या कापसाचा जाड थर बसला होता. स्क्रू काढून पंखा उचलला आणि थर बोटानं धरला, तर अख्खी गोल चकती एका तुकड्यात हातात आली. पंखा वरून हवा ढकलत होता, ती पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हती.

यात चिपचा काही दोष नाही. मशीन 2022 मध्ये जोडलेलं, रायझन 5 5600जी प्रोसेसर, सोबत मिळालेलाच कूलर (पंखा आणि हीटसिंक). या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा 95 अंश. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम लावून बघितलं होतं, नुसता चालू ठेवला तरी 61 आणि काम सुरू केलं की 94. चकती काढल्यावर त्याच खोलीत, त्याच उन्हाळ्यात, ते आकडे 43 आणि 77 वर आले. नवीन काहीही विकत घेतलेलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की आता हे नीट करायचं.

आधीच्या रचनेतली चूक समजायला मला थोडा वेळ लागला. कॅबिनेटला मागं हवा बाहेर फेकणारा एकच पंखा होता, समोर काही नाही. बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला आत हवा येणारच, ती मग यूएसबीच्या भोकांतून, डीव्हीडीच्या फटीतून, झाकणाच्या सांध्यातून, मिळेल तिथून येते आणि तंतू घेऊन येते. म्हणून समोर 120 मिमीचे दोन पंखे आत हवा घेणारे बसवले आणि मागच्याचा वेग बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) कमी केला. आता आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त, त्यामुळे फटींतून हवा बाहेर पडते. आत येण्याची वाट एकच, आणि त्या वाटेवर जाळी.

जाळी निवडताना मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा स्पंजची घेतली. साध्या मातीच्या धुळीला ती चालत असेल, पण कापसाचा तंतू स्पंजात गुंततो आणि धुतला तरी निघत नाही. मग घरातलाच नायलॉनचा जुना मोजा ताणून लावला, तर हवाच अडली आणि तापमान पाच अंशांनी वर गेलं. शेवटी बारीक विणीची, कडेला लोहचुंबकाची पट्टी असलेली जाळी आणली, एक 280 रुपयांना. हिच्यावर कापूस वरच्या वर बसतो आणि आठ दिवसांनी दुधावरची साय निघावी तसा सलग सुटून येतो. मला तरी यापेक्षा चांगलं काही सापडलं नाही. अडचण एकच, माझ्या कॅबिनेटचं तोंड प्लॅस्टिकचं, तिथं चुंबक कसा चिकटणार? पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावल्या. एप्रिलच्या उन्हात त्यातली एक सुटली, ती परत लावली.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून दीड फूट उंच स्टुलावर ठेवलं. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, खालून हवा ओढतो आणि तंतू जमिनीलगत सगळ्यात जास्त लोळतात. एवढ्या एका बदलानं खालच्या जाळीवरचा थर निम्म्यावर आला.

दर रविवारी जाळ्या काढून झटकायच्या आणि तीन महिन्यांनी एकदा मशीन गच्चीवर नेऊन आतून ब्लोअर मारायचा, असं ठरलं. ब्लोअर हातात धरायचा, विजेवरचा, 600 वॅटचा, 1,450 रुपयांना पडला. त्याआधी मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर मामा म्हणाले होते, "माग साफ करायचा कॉम्प्रेसर आहेच की, त्यानंच मारा." मारला, आणि मदरबोर्डवर पाण्याचे बारीक थेंब दिसले. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, हवेबरोबर तेलाचा अंशही येतो. बोर्ड दोन दिवस तसाच वाळवला, नशिबानं वाचला. कॉम्प्रेसरची हवा संगणकात मारू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. वायर काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि मग काम सुरू करायचं. कोपऱ्यांतलं रंगाच्या मऊ ब्रशनं सुटतं. एसएमपीएस कधीच उघडत नाही, वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज साठलेली राहते. बाहेरूनच हवा मारतो.

पावसाळा सगळ्यात अवघड गेला. मागावर नुसता कापूस उडत नाही, सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला लावलेली खळही विणताना भुकटी होऊन गळते. जुलैच्या दमट हवेत ही खळ ओल धरते आणि जाळीवरचा थर चिकट होतो, झटकून निघत नाही. तेव्हा कोमट पाण्यात साबण टाकून धुवावं लागलं. दिवाळीत याच्या उलट झालं. कामगार गावाला गेले, माग आठ दिवस बंद होते, आणि त्या आठवड्यात जाळी जवळजवळ पांढरीशुभ्र राहिली.

डिसेंबरात बहिणीच्या लग्नाची धावपळ होती, तीन रविवार चुकले. तापमान फार वाढलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो. एका सकाळी देवापुढची उदबत्ती सहज यूएसबीच्या भोकाजवळ धरली, तर धूर आत ओढला जात होता. पंखे तिन्ही फिरत होते. पण जाळी इतकी भरली होती की समोरून हवा पुरेशी येईना, आणि मागचा पंखा परत फटींतून ओढायला लागला होता. म्हणजे बसवलेली सगळी रचना न धुतलेल्या एका जाळीनं उलटी केली होती. झाकण काढलं, तर ग्राफिक कार्ड नसल्यानं मागं रिकाम्या राहिलेल्या पीसीआय पट्ट्यांच्या (कार्डाच्या जागा झाकणाऱ्या पत्र्यांच्या) फटींपाशी ताजे तंतू जमले होते.

तेव्हापासून रविवारी आधी उदबत्ती फिरवतो. धूर बाहेर ढकलला गेला तर ठीक, आत वळला तर जाळी नीट धुवायची. तापमानाचा आकडा जे दोन-तीन आठवडे उशिरा सांगतो, ते उदबत्ती त्याच दिवशी सांगते. इतकी स्वस्त आणि खरी तपासणी मला दुसरी माहीत नाही.

तक्रारीही आहेत. समोरच्या दोन पंख्यांचा आवाज रात्री माग थांबले की जाणवतो. समोरचं हेडफोनचं भोक आधीच्या वर्षांत भरलं ते आजही खरखरतं. आणि धूळ थांबली असं मी म्हणणार नाही. ती आता हात पोचेल अशा जागी बसते, इतकंच झालं आहे, पण त्यासाठी मी हा खर्च परत आनंदानं करीन. परवा दहा महिन्यांनी कूलर काढून बघितला, पट्ट्यांच्या आरपार उजेड दिसत होता. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून परत बसवला, आता काम करताना 74 च्या पुढं जात नाही.

पावसाळ्यात धुतलेली जाळी वाळायला रात्र जाते आणि तेवढा वेळ मशीन बंद ठेवावं लागायचं. म्हणून या महिन्यात जाळ्यांचा दुसरा संच मागवला आहे.