फ्रेंच आडनावं शोधायची साईट, सात महिने वापरून: एका काण्याच्या मागे

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय आणि मधे मधे भरकटतो. ज्यांना फक्त साईटचं सबस्क्रिप्शन घ्यावं की नाही एवढंच हवंय त्यांनी एक महिन्याचं घ्या, वर्षाचं घेऊ नका, आणि ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा. बाकीच्यांनी चहा टाकून मग वाचायला घ्या.

मी नोकरीनिमित्त फ्रान्समधे ग्रनोब्लला असते, मूळची पुण्याची, वानवडीची. आमची शाळेची बस रोज शिंदे छत्रीवरून जायची त्यामुळे महादजी शिंदे हे नाव मला पुस्तकात भेटायच्या आधी बसच्या खिडकीतून भेटलंय. तर गेल्या वर्षी एका रविवारी काही काम नाही म्हणून ट्रेनने शांबेरीला गेले, तासाभराच्या आत पोचतो, आणि गावाच्या मधोमध बघते तर कारंज्यात चार हत्ती. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती! चौघांची तोंडं चार दिशांना, मागची बाजू खांबात गेलेली, म्हणून गावकरी त्यांना ‘बिनढुंगणाचे चार’ म्हणतात (फ्रेंचमधे ते ‘चारशे’सारखं ऐकू येतं, त्यावरचा विनोद आहे). खांबावर पुतळा, खाली नाव: जनरल द ब्वान्य. दोन मिनिटं नुसती बघत बसले आणि मग ट्यूब पेटली, अरे हा तर आपला डी बॉईन! पाटण आणि मेडत्याच्या 1790 च्या लढाया, महादजींच्या कवायती पलटणी उभ्या करणारा तो. 1794 ला महादजी वानवडीत गेले आणि त्यांचा हा सरदार 1838 पासून इथे हत्तींवर उभाय.

ट्रेनमधे परत येतानाच फोनवर शोधायला सुरुवात केली, या आडनावाचे लोक अजून आहेत का. तिथून त्या साईटच्या जाळ्यात सापडले. नाव देत नाही कारण पुढे तक्रारी आहेत, पण फ्रान्समधे वंशावळ शोधणाऱ्यांना अंदाज येईलच.

फुकटात काय दिसतं तर आडनाव टाकलं की एक नकाशा, जिल्ह्याजिल्ह्यात किती जन्म झाले ते रंगाने दाखवलेलं, आणि एक शिक्का, ‘सामान्य’ किंवा ‘दुर्मिळ’. द ब्वान्यवर अर्थातच दुर्मिळचा शिक्का. आकडा इथे लिहीत नाही, इतक्या कमी लोकांचं आडनाव असलं की घर सुद्धा शोधून काढता येतं, ते बरं नाही. मी लगेच भारावून वर्षाचे पैसे भरले. चूक नंबर एक.

चूक नंबर दोन म्हणजे या आडनावाला मी जुनं समजत होते. ‘द’ बघितलं की आपल्याला वाटतं सरदार घराणं, अमुक गावचे जहागीरदार, आपल्या ‘कर’सारखं काहीतरी. तसलं काही नाही. हा माणूस 1751 च्या मार्चमधे शांबेरीत जन्मला तो बन्वा लबोर्न्य म्हणून, बाप कातडी-फरच्या मालाचा व्यापारी. लबोर्न्य म्हणजे एका डोळ्याचा. काणा! पुढे या पोराने र आणि ल खाऊन टाकून, पुढे एक ‘द’ चिकटवून, काण्याचा द ब्वान्य केला. आईला फोनवर सांगितलं तर ती अर्धा मिनिट हसत होती, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याला ‘काणे’च म्हणतात.

आता यात लाजायचं काय हे मराठी माणसाला कळणारच नाही. आपल्याकडे आंधळे आहेत, बहिरे आहेत, टकले आहेत, लंगडे आहेत, मजेत शाळेच्या हजेरीत ओ देतात. काणे आडनावाचा उगम तोच असं मी म्हणत नाही, पण अर्थ तर जुळतो, आणि त्या आडनावाला 1963 मधे भारतरत्न मिळालंय (पां. वा. काणे). फ्रेंचांची पण बरीच आडनावं अशीच चिडवाचिडवीतून आलीत, पती म्हणजे लहानखुरा, लग्राँ म्हणजे उंच, लरू म्हणजे तांबड्या केसांचा. बाकीची बापाच्या नावावरून (मार्तँ), जागेवरून (द्युब्वा म्हणजे रानातला) आणि धंद्यावरून. धंद्याची मजा अशी की एकच लोहार उत्तरेत लफेव्र, दक्षिणेत फाब्र, ब्रिटनीत लगॉफ आणि अल्सासमधे श्मिट होतो, चार आडनावं आणि भाता एकच. साईटवर हे ‘अर्थ आणि उगम’ नावाच्या टॅबमधे येतं, तो टॅब मात्र छान आहे, पैसे न भरता दिसतो.

आता नकाशाचं. लबोर्न्य टाकलं की एक चित्र येतं. ल बोर्न्य, मधे जागा सोडून टाकलं की वेगळंच, ब्रिटनी नुसती पेटलेली. म्हणजे एकाच काण्याची दोन आडनावं धरलीत आणि दोन्हीचे आकडे वेगळे. माझ्या सात महिन्यांतला सगळ्यात उपयोगी धडा हाच. फ्रान्समधे क्रांतीच्या काळात, 1794 साली कायदा झाला की जन्मनोंदीत जे नाव तेच लावायचं, त्यामुळे त्या काळी कुठल्या तरी कारकुनाने जोडून लिहिलं का तोडून, एक ल लिहिला का दोन, तेच पुढे पोरा-नातवंडांना चिकटलं. त्याआधी चर्चमधल्या पाद्र्याला जसं ऐकू येईल तसं. तर ‘दुर्मिळ आडनाव’ बऱ्याचदा म्हणजे नेहमीचंच आडनाव, कुणीतरी वेगळं लिहिलेलं, एवढंच असतं. साईटला हे कळत नाही, ती बिचारी अक्षरं मोजते.

दुसरी गोष्ट, हे आकडे येतात कुठून. इन्से म्हणून सरकारी आकडेवारी संस्था आहे, तिची आडनावांची फाईल आहे, 1891 ते 2000 मधले जन्म, दहा दहा वर्षांचे गट करून. ती फाईल फुकट आहे! कुणीही उतरवून घ्या, एक्सेलमधे उघडा. साईट तीच रंगवून विकते. शिवाय जन्म मोजलेत, आज जिवंत किती ते नाही. आणि जुन्या दशकांचे आकडे तोकडे आहेत कारण ते सरकारी रजिस्टर उभं राहिलं 1946 च्या सुमाराला, त्याआधी जन्मून त्याआधीच गेलेली माणसं त्यात नाहीत. आता विचार करा 1891 ते 1900 मधे जन्मलेली फ्रेंच पोरं म्हणजे कोण, पहिल्या महायुद्धाला गेलेली तीच ना. सैन्याच्या ‘मेम्वार देझोम’ या फुकट साईटवर त्या युद्धात मेलेल्यांच्या 13 लाखांवर नोंदी आहेत, नावाने शोधता येतात. एखाद्या घरातली दोन्ही मुलं तिकडे गेली तर आडनाव तिथेच संपलं, आणि इन्सेच्या फाईलमधे ते संपल्याचा मागमूस पण नाही, कारण ती पोरं मोजलीच नव्हती. हे मला समजलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगला मी काय बोलले आठवत नाही.

आडनाव संपायला युद्धच लागतं असंही नाही म्हणा. नुसत्या मुली झाल्या की संपलं. बिएनेमे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1845 मधेच यावर काम केलं होतं, इंग्लंडमधे गाल्टनने तोच प्रश्न नंतर, 1870 च्या दशकात घातला: फक्त मुलाकडूनच नाव पुढे जात असेल तर किती पिढ्यांत घराणी विझतील. (बिएनेमेचा अर्थ ‘भरपूर प्रेम मिळालेला’. काण्यापेक्षा बरं नशीब.) आता 2005 पासून फ्रान्समधे बाळाला आईचं लावायचं का बापाचं का दोन्ही ते आईबाप ठरवतात, 2022 च्या जुलैपासून मोठ्या माणसाला पण आयुष्यात एकदा महापालिकेत फॉर्म भरून आईचं आडनाव घेता येतं, आणि पूर्वजांपैकी कुणाचं आडनाव विझत असेल तर ते वाचवायला नाव बदलून मागता येतं अशी कलमातच सोय आहे, चौथ्या पायरीपर्यंतचं नातं चालतं. माझ्या ऑफिसमधल्या एका बाईने आजोबांसाठी हे करायचा विचार केलाय, तिला मीच साईट दाखवली, कमिशन कुणी दिलं नाही.

बरं, पेड भागाकडे येते. पैसे भरले की जुनी रजिस्टरं नावाने शोधता येतात, म्हणजे कुणीतरी ती वाचून टाईप करून ठेवलीत. इथे सगळा गोंधळ. सतराव्या-अठराव्या शतकातलं अक्षर, शाई फुटलेली, त्यात ब चा ल, आणि न्य चं काहीही. लबोर्न्य शोधायला मी सहा-सात स्पेलिंगं टाकायचे. द ब्वान्य तर कधी ब खाली, कधी द खाली. सपोर्टला तीन मेल केले, पहिल्याला उत्तर आलं की तुमचा अभिप्राय मोलाचा आहे, पुढच्या दोघांना तेही नाही. आणि मुख्य म्हणजे सॅव्हॉय, शांबेरी ज्यात येतं तो प्रांत! हा भाग त्या काळी फ्रान्समधे नव्हताच, सार्डिनियाच्या राजाचा होता, मधली क्रांती-नेपोलियनची वर्षं सोडली तर 1860 पर्यंत. म्हणजे आपल्या पुस्तकातला ‘फ्रेंच सेनापती’ जन्माने फ्रेंच प्रजा पण नव्हता. साईटच्या जाहिरातीत ‘संपूर्ण फ्रान्स’ लिहिलंय, प्रत्यक्षात सॅव्हॉय म्हणजे चाळणी.

जिथे खरं काम झालं ती जागा फुकट निघाली, सॅव्हॉयच्या जिल्हा अभिलेखागाराची स्वतःची साईट. चर्चची रजिस्टरं पानोपान स्कॅन केलेली, नावाने शोध नाही, बसा वाचत. आणि त्यांचे ते 1728 ते 1738 मधे केलेले जमीनमोजणीचे नकाशे, ‘माप सार्द’, गावागावातला प्रत्येक तुकडा आणि त्याचा मालक, आपला सातबाराच म्हणा. एखादं आडनाव त्या वेळी कुठल्या खोऱ्यात होतं हे बघायला याहून चांगलं काही नाही. जन्म-लग्नाच्या नोंदी 75 वर्षं झाल्याशिवाय बाहेरच्याला बघायला मिळत नाहीत, हे मात्र सगळीकडे सारखंच, साईटने कितीही ‘ताजी माहिती’ म्हटलं तरी.

शोधता शोधता दुसरे लबोर्न्य भेटतात ते वेगळंच. एक विक्टर लबोर्न्य, पॅरिसजवळ बिसेत्रच्या हॉस्पिटलमधे वर्षानुवर्षं पडून होता, तोंडातून फक्त ‘तान, तान’ एवढाच शब्द यायचा. 1861 मधे तो गेला, डॉक्टर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला आणि बोलण्याची जागा मेंदूत कुठे ते जगाला सांगितलं. मेडिकलच्या पुस्तकांत तो ‘पेशंट तान’. एका काण्याने आडनाव टाकलं, दुसऱ्याचं लोकांनी काढून घेतलं.

आणि आता ज्यासाठी मला सात महिने गेले त्याचं वाईट वाटत नाही ते. हे द ब्वान्य आडनाव पुढे चाललं कसं? त्याने 1798 मधे लंडनला अदेल दोस्माँ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, स्वतः सत्तेचाळीसचा. पटलं नाही, मूल झालं नाही. (तिच्या आठवणींमुळे फ्रान्समधे ‘काउंटेस द ब्वान्य’ त्याच्याहून जास्त माहितीये, ती त्याच्याबद्दल काही चांगलं बोलत नाही.) पण त्याआधी हिंदुस्तानात त्याची बायको होती, नूर, लखनौकडची. तिची बहीण फैज बख्श, विल्यम पामरची बायको, तोच पामर जो पुढे पुण्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचा वकील, झाला. नूरचा मुलगा अली बख्श युरोपात जाऊन शार्ल झाला, बापाचा वारस झाला, आणि घराणं चाललं ते त्याच्याकडून. नूर हेलेन बेनेट नावाने इंग्लंडमधे ससेक्समधे एकटी राहिली आणि 1853 मधे तिथेच गेली.

म्हणजे बघा, फ्रान्समधलं एक दुर्मिळ, ‘द’ लावलेलं, उच्चकुलीन वाटणारं आडनाव, ते बनवलं एका व्यापाऱ्याच्या पोराने, त्यावरचा पैसा बराचसा शिंद्यांच्या चाकरीतला, आणि पुढे नेलं लखनौच्या बाईच्या मुलाने. साईटवर ‘उगम’ या रकान्यात लिहिलंय: सॅव्हॉय. मी दुरुस्ती सुचवली, अजून ‘तपासणीत’ आहे.

लखनौवरून आठवलं, तिथला त्याचा दोस्त आणि निळीच्या धंद्यातला भागीदार कोण तर ल्योंचा क्लोद मार्तँ. मार्तँ म्हणजे फ्रान्समधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव, आपला पाटील-जाधव. त्याने बदललं नाही, उलट शाळांना दिलं, लखनौ, कोलकाता आणि ल्यों, तिन्हीकडे ला मार्तिनियेर आहे.

तर हिशोब. साईट पाचपैकी अडीच. नकाशा आणि अर्थाच्या टॅबला दीड, जुनी वर्तमानपत्रं चांगली स्कॅन केलीत त्याला एक. ऑटो-रिन्यूला शून्याखाली काही असेल तर ते, कारण मी सहाव्या महिन्यात रद्द केलं तरी सातव्यात दुसऱ्याच कुठल्या ‘प्लस’ पॅकचे पैसे कापले, परत मिळवायला बँकेत जाऊन फ्रेंचमधे भांडावं लागलं, त्यात माझं फ्रेंच मात्र सुधारलं. घेणार असाल तर आधी फुकटची सगळी साधनं संपवा, मग कुठल्या गावची रजिस्टरं हवीत त्याची यादी करा, ती त्यांच्याकडे आहेत का हे कव्हरेजच्या पानावर बघा, आणि मग एकच महिना घेऊन सुट्टीत बसून फडशा पाडा.

माझं पुढचं गिऱ्हाईक ठरलंय, डी बॉईननंतर शिंद्यांच्या फौजेचा मुख्य झालेला पेरॉन. त्याचं पण खरं आडनाव पेरॉन नव्हतंच, क्युइये होतं, पेरॉन हे पिएरचं लाडाचं रूप. आईने आत्ताच विचारलंय की याला घरात काय म्हणायचं.