फोर्टमधील टंकलेखन व ई-फायलिंग सेवा : टंकलेखन चोख, मुद्दे मात्र आपलेच न्यावेत

अंध असल्यामुळे बढती डावलली गेली, या तक्रारीवर माझ्या धाकट्या बहिणीने एका खासगी कंपनीविरुद्ध वकिलाशिवाय दाखल केलेला दावा मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात सुरुवातीलाच निकाली निघाला. उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी आम्ही फोर्टमधील एका टंकलेखन व ई-फायलिंग सेवेकडे गेलो, तिच्याविषयी हा अभिप्राय.

काउंटरवरील गृहस्थांनी आमची कैफियत ऐकण्याआधी आदेशाची प्रत मागितली आणि थेट शेवटचा परिच्छेद वाचला. दावा वादीच्या गैरहजेरीमुळे काढून टाकला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 9 खाली तो पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करावा लागतो. आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र, म्हणजे दावा मांडणारा मूळ अर्जच, नामंजूर झाले असेल तर तो हुकूमनामाच (डिक्री) मानला जातो आणि कलम 96 खाली अपील करता येते. आमचा प्रकार या दोहोंपैकी दुसरा होता. लगेच त्यांनी नकलेसाठी अर्ज केल्याची तारीख विचारली, कारण प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेला काळ मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 नुसार अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. अनुक्रमणिका आणि पृष्ठांकन निर्दोष होते, आणि सही घेण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पान बहिणीला न कंटाळता वाचून दाखवले, हे विशेष.

खरी अडचण त्यांच्याकडील तयार मसुद्यात आहे. ‘खालच्या न्यायालयाने साक्षीपुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही’ हे वाक्य त्यात पहिल्याच मुद्द्यात होते. पण वादपत्र उंबरठ्यावरच नामंजूर झालेल्या दाव्यात साक्ष नोंदवलीच जात नाही, मग मूल्यमापन कशाचे? दाव्याला कारणच नाही असा निष्कर्ष असेल, तर वादपत्रातील कोणत्या परिच्छेदात बढती नाकारल्याची तारीख, डावलण्याचे सांगितलेले कारण आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा आधार दिला आहे, हे अपिलात दाखवावे लागते, कारण त्या टप्प्यावर वादपत्रातील कथनेच पाहायची असतात, प्रतिवादीचा बचाव नव्हे. उलट टोकाला, बहिणीने लिहून नेलेला कार्यालयातील अपमानांचा सविस्तर वृत्तान्तही त्यांनी जसाच्या तसा टंकित केला असता. संहितेचा आदेश 41 नियम 1 मात्र अपिलाचे मुद्दे थोडक्यात, क्रमांक देऊन, युक्तिवाद व कथन टाळून मांडायला सांगतो. शेवटी ते सारे आम्हीच घरी बसून नव्याने लिहिले.

वादपत्र नामंजूर झाले तरी, मुदत शिल्लक असल्यास, आदेश 7 नियम 13 नुसार त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करता येते, आणि कधीकधी अपिलापेक्षा तो मार्ग सोपा पडतो. याचा येथे उल्लेखही झाला नाही. टंकलेखकाकडून कायदेशीर सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये, हे मान्य. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली महिला आणि दिव्यांग व्यक्ती मोफत वकिलास पात्र असतात, एवढी पाटी तरी लावायला हरकत नव्हती. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्या पक्षकाराला उच्च न्यायालयात आधी प्रबंधक कार्यालयातील अधिकाऱ्यांच्या समितीसमोर जावे लागते, हेही आम्हाला बाहेरून कळले.

टंकलेखनाचा पानामागचा दर काउंटरवर लावलेला आहे. मसुद्याचे पैसे मात्र वेगळे घेतले जातात आणि ते आधी सांगितले जात नाहीत, म्हणून स्वतःचे मुद्दे लिहून नेणाऱ्याने काम देतानाच ‘फक्त टंकलेखन आणि फायलिंग’ असे पावतीवर लिहून घ्यावे.