सरकारी गाडीवरचा जुना तिरंगा: कोरा घ्यावा की वापरलेला?

मंत्री, राज्यपाल, न्यायमूर्ती यांच्या गाड्यांवरचे जुने राष्ट्रध्वज जमवायचे असतील, तर सुरुवात कोऱ्या झेंड्यापासून करा, असं मी ठामपणे सांगेन.

कोऱ्याची पारख करता येते. गाडीचा झेंडा 225 × 150 मिलिमीटरचा आणि त्यावरचं अशोकचक्र 40 मिलिमीटरचं. 150 × 100 चा असेल तर तो टेबलावरचा. चक्र भिंगाखाली धरा. चोवीसही आरे सुटे दिसले पाहिजेत आणि मागच्या बाजूलाही चक्र नेमकं त्याच जागी हवं. मग कापड उजेडासमोर धरा. हातसुताची खादी असेल तर धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो. नांदेड आणि हुबळीच्या खादी संस्थांचे झेंडे एकदा हाताळले की ही नजर पटकन बसते. पॉलिस्टरचा झेंडा ‘ऐंशीच्या दशकातला, मंत्र्यांच्या गाडीवरचा’ म्हणून कुणी दाखवला तर सरळ परत करा. ध्वजसंहितेत पॉलिस्टरला जागा मिळाली ती डिसेंबर 2021 मध्ये.

वापरलेल्याची ओढ मला कळते. तो खरोखर रस्त्यावर फडकलेला असतो. पण फाटका, विटका ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा असं संहिताच सांगते. त्यामुळे अस्सल नग फार थोडे उरतात आणि बनावटीला वाव मिळतो. धावत्या गाडीवर मोकळी कड आधी उसवते, दांडीकडची बाजू त्यामानाने शाबूत राहते. सगळीकडे सारखाच पिवळटपणा असेल तर मला शंका येते. गाडीसह जुना फोटो किंवा चालकाच्या घरच्यांचं लेखी पत्र नसेल तर जादा पैसे मोजू नका. नेत्याची सही असलेला तर घेऊच नका, कारण ध्वजावर काहीही लिहिणं 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात बसत नाही.

व्हाइसरॉयच्या काळातले, मध्यभागी ‘स्टार ऑफ इंडिया’ हे ब्रिटिश राजवटीचं मानचिन्ह असलेले युनियन जॅक हा वेगळाच खर्चिक प्रांत आहे. नवख्याने तूर्त लांबच राहावं.

काहीही घेतलंत तरी आम्लरहित कागदात सपाट ठेवा, चक्रावर घडी पडू देऊ नका. उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे यायला हवा.