उशीत सावर भरावी की कापूस?

उशा दगडासारख्या झाल्या की घरोघरी हा वाद निघतो. आजी म्हणते सावर, गादीवाला म्हणतो कापूस, आणि मुलं फायबरची उशी ऑनलाइन मागवून मोकळी होतात.

आपल्याकडची सावर म्हणजे बहुतेक वेळा काटेसावर. शिशिरात पानं गाळून लाल फुलांनी भरते ती. हिची चुलतबहीण पांढरी सावर. जगभर कपोक म्हणून विकला जातो तो मुख्यतः तिचा कापूस. दोघींचा उपयोग सारखाच. उन्हाळ्यात बोंडं तडकली की आतून रेशमी पुंजके बाहेर पडतात. सरकीला कापूस घट्ट चिकटलेला असतो, म्हणून तो जिनिंगला न्यावा लागतो. सावरीचे तंतू मात्र बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतात, त्यामुळे काळ्या बिया हाताने झटकल्या तरी गळतात. फक्त पंखा बंद करा आणि नाकाला फडका बांधा.

खरा फरक तंतूत आहे. सावरीचा तंतू आतून पोकळ नळीसारखा असतो, जवळजवळ ८० टक्के हवाच, आणि वरून मेणाचा पातळ थर. म्हणून उशी हलकी होते, घामाने लवकर ओलसर होत नाही आणि पाण्यावर तरंगते. पूर्वी जहाजांवरची जीवरक्षक जाकिटं याच कापसाने भरत. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतलं, कपोक मिळेनासा झाला, तेव्हा अमेरिकेत शाळकरी पोरांनी मिल्कवीड नावाच्या झुडपाची बोंडं गोळा केली. हे झुडूप आपल्या रुईच्याच कुळातलं, म्हणजे त्या पोरांनी जाकिटांसाठी 'म्हातारी'च जमवली म्हणायची!

पण तो गुळगुळीतपणा दुसरीकडे नडतो. साध्या कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो, तो एकमेकांत अडकतो. म्हणूनच त्याचं सूत निघतं आणि दबलेली गादी पिंजून पुन्हा फुगवता येते. सावर धड कातता येत नाही, पिंजायला घेतली तर उडून जाते. तंतू ठिसूळ, त्यामुळे रोजच्या वजनाखाली काही वर्षांत भुगा व्हायला लागतो. म्हणून माझं मत: गादी कापसाचीच, उशी सावरीची. लोड-तक्के कापसाचे, कारण ते कडकच हवेत.

सावरीची उशी धुवायची नाही. अभ्रा धुवा, उशीला अधूनमधून ऊन दाखवा आणि हाताने थोपटून गुठळ्या मोडा. गॅलरीत ऊनच येत नसेल किंवा घरात अंथरुण ओलं करणारं लहान मूल असेल, तर मशीनमध्ये धुता येणारी फायबरची उशी घ्या, उगाच शुद्धतेचा हट्ट नको. उन्हाळ्यात तिच्यावर मान घामेजते, एवढं सोसावं लागेल. आणि सावर ठिणगी पडताच पेटते. चकमकीच्या काळात ती विस्तव धरायलाच वापरत. उशाशी उदबत्ती लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घेताना उशीची थोडी शिवण उसवायला सांगा, चिमूटभर कापूस तळहातावर घेऊन वात वळून पाहा. सावर निसटते, वात धड होत नाही. मी 'अस्सल सावर' म्हणून महागाची उशी आणली आणि ही परीक्षा घरी आल्यावर घेतली. निरांजनात लावण्याजोगी सुरेख वात झाली.