हायब्रीड उन्हाळ कांदा बी: माल एक नंबर, पण घरी बी धरणार असाल तर आधी वाचा

५ पैकी ३ स्टार देतोय. कांद्याला पाच द्यायला काहीच हरकत नव्हती, दोन कापले ते पाकिटावर न छापलेल्या गोष्टीसाठी.

गेल्या रब्बीत एक एकर लावला होता. उगवण चांगली, माल एकसारखा, जोडकांदा नि डेंगळे (अवेळी येणारे फुलांचे दांडे) नावापुरते, आणि कांदाचाळीत दिवाळीपर्यंत टिकला. आई म्हणाली यातलेच निवडक गोट, म्हणजे बियाण्यासाठी परत लावायचे कांदे, बाजूला काढ, आपलं बी आपण धरू, आमच्याकडे आजीपासून तेच चालत आलंय. नोव्हेंबरात घरामागं लावले, फेब्रुवारीत फुलांचे गोंडे बघण्यासारखे आले, पण बी भरेचना. मामाकडच्या घरगुती कांद्याच्या गोंड्यावर बोट फिरवलं की पिवळी भुकटी लागते, इथं बोट कोरडंच, फुलातले परागकोष हिरवट, काचेसारखे आणि चिंबलेले. आईनं दोनदा पाणी कमी पडलं का म्हणून विचारलं, मलाच वाईट वाटलं.

पाण्याचा काही संबंध नाही. हायब्रीड कांद्याची मादी ओळ नरवंध्य असते, म्हणजे तिच्या फुलात पराग होत नाही, म्हणूनच संकर करताना एवढ्या बारक्या फुलांतून नर भाग खुडत बसावं लागत नाही. असं पहिलं झाड १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला इटालियन रेड जातीत सापडलं, परागच नव्हता, पण गोंड्यात बारीक कांद्या धरायच्या, त्यावरच ते जगवलं. पुढं १९४३ मध्ये जोन्स आणि क्लार्क या संशोधकांनी उलगडा केला की यात दोन गोष्टी लागतात, एक फक्त मादी झाडाकडून येणारं पेशीद्रव (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) आणि दुसरा आईबाप दोघांकडून येणारा जीन. बाजरीत आपल्याला दाणा हवा असतो म्हणून नर ओळीतून वंध्यत्व घालवणारा जीन आणावाच लागतो, कांद्यात आपण गड्डा विकतो, तो जीन नसला तरी कंपनीचं काही अडत नाही. अडतं ते बी धरणाऱ्याचं.

आणि मला खरी काळजी पुढची आहे. शेजारच्या कांद्यावरून मधमाशीनं पराग आणला तर थोडं बी भरतंच, ते घरगुती बियाण्यात मिसळलं की पुढच्या पिढीत फुलं कदाचित चांगली दिसतील, पण मादी झाडाकडचं ते पेशीद्रव आत तसंच राहतं आणि दोन-चार पिढ्यांनी परत वांझ गोंडे निघू शकतात. लुईस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच गणित मांडलं होतं, नरवंध्यत्व नुसतं जीनमुळे असेल तर त्या झाडाला टिकायला इतरांच्या दुप्पट बी द्यावं लागतं, पेशीद्रवातून येत असेल तर इतरांपेक्षा जरासं जास्त दिलं तरी ते पसरत जातं, कारण पेशीद्रव पुढं जातं ते बियातून, त्याला स्वतःच्या परागाची गरजच नाही. तीन पिढ्यांनी निवडून जपलेलं बी असं नकळत बदलू द्यायचं का?

दुकानदार नुसतं "बी धरू नका" म्हणतो, का ते सांगत नाही. पाकिटावर मराठीत एक ओळ छापा ना, या कांद्याची फुलं नरवंध्य असू शकतात म्हणून.

बाजारासाठी हेच बी परत घेणार. घरामागचे गोट मात्र सगळे उपटले, बियाण्यासाठी मामाकडून आणलेत.